सोमवारचं चौथं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना लाल टेलिफोन आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी चिडलेला आहे. जुन्या छत्रीची, जुन्या घड्याळाची कहाणी तुम्ही ऐकली असेल. ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझ्या अंगावर आकड्यांची तबकडी नाही. कारखान्यात ती जागा पत्रा लावून बंद केली, तेव्हा फळीवरचे बाकीचे फोन मला हसले होते. त्यांना जगात कुठेही बोलता येणार होतं, मला फक्त एका ठिकाणी. पण ते ठिकाण कळलं आणि माझी मान ताठ झाली. एका नदीवर पूल होता. अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा. बोली एकच, शिक्के मात्र दोन. माल पळवणाऱ्यांना, माणसं पळवणाऱ्यांना तो पूल ओलांडायला पाच मिनिटं लागत आणि अलीकडच्या पोलिसांचं पत्र पलीकडच्या पोलिसांना मिळायला पाच आठवडे. म्हणून दोन्ही सरकारांनी करार केला आणि दोन ठाण्यांमध्ये थेट तार टाकली. माझा रिसीव्हर उचलला की पलीकडे माझ्या जुळ्या भावाची घंटा वाजणार. आता चोरांची काही धडगत नाही, असं भाषणात कोणीतरी म्हणालं. मला ते खरं वाटलं. मी नवा होतो हो!

दुसऱ्याच दिवशी सुतार आला. त्याने माझ्यासाठी लाकडी पेटी केली, पुढे काच लावली आणि कडी-कुलूप घातलं. किल्ली ठाण्याच्या साहेबांच्या खिशात गेली. मग नियमांचा कागद आला. मला वापरायचं तर तीन प्रतींत अर्ज करायचा. तो जिल्ह्याला जायचा, तिथून राजधानीला. राजधानीतून संमती क्रमांक आला की मगच रिसीव्हर उचलायचा, आणि आधी तो क्रमांक सांगायचा. क्रमांकाशिवाय पलीकडच्यांनी एक अक्षर लिहून घ्यायचं नाही. पाच आठवड्यांचा वेळ वाचवायला मला आणलं आणि माझ्याच पायात कागदांची बेडी घातली. याला काय म्हणावं तुम्हीच सांगा!

क्रमांक लागत नसे तो फक्त चाचणीला. दर सोमवारी सकाळी दहाला आमचे हवालदारकाका कुलूप उघडून रिसीव्हर उचलत. पलीकडे एक हवालदारबाई असत. तीनच वाक्यं ठरलेली होती. काका म्हणत, "आवाज येतोय का?" बाई म्हणत, "स्पष्ट येतोय." मग काका म्हणत, "मार्ग सुरळीत आहे." वहीत सही होई, पेटीला कुलूप लागे. अकरा वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण बाईंना सर्दी झाली की काकांना कळायचं, आणि काकांच्या घरी काही बिनसलं की बाई दुसरं वाक्य जरा सावकाश म्हणायच्या.

आणि कौतुक म्हणाल तर काय सांगू! दरवर्षी वरिष्ठ येत, वही उघडत, बावन्न सह्या मोजत आणि शेरा लिहीत, "दोन्ही देशांतील समन्वय उत्कृष्ट." एका वर्षी तर ढाल मिळाली. ती माझ्याच पेटीवर ठेवली. चाचणी सोडून एकही काम न करता ढाल मिळवणारा मी जगातला एकटाच फोन असेन. लाज वाटायची, पण काचेआड लाजून दाखवणार कोणाला?

आता मूळ गोष्ट सांगतो.

एका शुक्रवारी अकराच्या सुमाराला बाजारातली शिंपीणताई ठाण्यात आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती, बोटात शिवताना घालायचं अंगुस्तान. घाईघाईत उठून आली होती. तिची धाकटी बहीण, सोळा वर्षांची, पलीकडच्या शहरात शिवणकामाची नोकरी देतो म्हणणाऱ्या एका माणसाबरोबर न सांगता निघून गेली होती. आईबाप नव्हते, ताईनेच तिला वाढवलेलं. पुलाजवळच्या पंक्चरवाल्याने त्या मुलीला निळ्या टेम्पोत बसलेलं पाहिलं होतं. त्याला काहीतरी खटकलं, म्हणून त्याने टेम्पोचा नंबर हातावर लिहून घेतला. साडेदहाला टेम्पो पुलापार गेला होता. म्हणजे उणापुरा अर्धा तास झाला होता. पलीकडचा रस्ता पुढे दहा कोस सरळ जातो, त्याला फाटाच नाही. एक घंटा वाजली असती तर काम झालं असतं.

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "साहेब, हा फोन पलीकडे लागतो ना? मग लावा ना."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनाही मुली होत्या. पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यांनी ताईला पाणी दिलं, भिंतीलगतच्या बाकावर बसायला सांगितलं आणि अर्ज लिहायला घेतला. अर्ज सुवाच्य होता, तेवढं मी नाकारणार नाही. दुपारी तो जिल्ह्याला गेला आणि संध्याकाळी परत आला. वाहनाच्या सांगाड्याचा क्रमांक लिहायचा राहिला होता! पळून गेलेल्या टेम्पोखाली वाकून तो कोणी वाचायचा, ते काही त्या शेऱ्यात लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी तिथे "माहिती उपलब्ध नाही" असं लिहून अर्ज पुन्हा पाठवला. तोवर राजधानीची कचेरी बंद झाली. पुढे शनिवार, रविवार.

शिंपीणताई तीन दिवस त्या बाकावर येऊन बसत राहिली. रडली नाही. अंगुस्तान बोटातून काढायची, पुन्हा घालायची. मध्येच माझ्याकडे बघायची. मित्रांनो, अकरा वर्षं मला पुष्कळ लोकांनी पाहिलं, पण तसं कोणी पाहिलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. पण फोनला स्वतःहून बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं ते अर्ज लिहीत होते.

सोमवारी दहाला काकांनी कुलूप उघडलं. साहेब समोरच फाईल वाचत बसले होते.

"आवाज येतोय का?"

"स्पष्ट येतोय."

काका म्हणाले, "मार्ग सुरळीत नाही, बाई. शुक्रवारी एक मुलगी पलीकडे नेलीय. माझ्याकडे टेम्पोचा नंबर आहे."

साहेबांची मान वर झाली.

"संमती क्रमांक?" बाईंनी विचारलं.

"नाही."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "मग मला लिहून घेता येणार नाही, दादा. पण ऐकून घेता येईल. सांगा."

काकांनी सगळं सांगितलं. साहेब उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांनी अडवलं नाही, तेवढं मात्र त्यांच्या नावावर जमा करायला हवं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! अकरा वर्षांत पहिल्यांदा मी टेलिफोन झालो होतो.

संध्याकाळपर्यंत पलीकडच्या पोलिसांना टेम्पो सापडला. हमरस्त्यालगतच्या एका बंद गोदामात दोन मुली सापडल्या. त्या सुखरूप घरी गेल्या. पण ताईची बहीण त्यांत नव्हती. तिला आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, दुसऱ्या गाडीतून पुढे नेलं होतं. रविवार दुपारपर्यंत ती तिथेच होती हो, माझ्यापासून चार कोसांवर! संमती क्रमांक बुधवारी आला. बैल गेला आणि झोपा केला.

त्यानंतर ताई दर सोमवारी दहाला बाकावर येऊन बसू लागली. काका आणि बाई तीन वाक्यं म्हणत, वहीत तीनच लिहिली जात. पण आता बाई एक चौथंही म्हणू लागल्या. "अजून पत्ता नाही, पण शोध सोडलेला नाही." काका मान हलवत, ताई उठून दुकानी जाई. असे वीस सोमवार गेले. एकविसाव्या सोमवारी चौथं वाक्य बदललं.

"ताईंना सांगा, एक धागा लागलाय. पुढच्या सोमवारी पक्कं कळवते."

ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

त्याच गुरुवारी वरिष्ठांचं पथक आलं. विनापरवाना वापराची चौकशी झाली. काकांची बदली दूरच्या ठाण्यात झाली. माझी तार तोडली आणि त्या जागी पांढरं, चकचकीत यंत्र बसवलं. त्याला आता चाचणीलाही क्रमांक लागतो, आणि चाचणीत माणसं बोलतच नाहीत, नुसता हिरवा दिवा लागतो. साहेबांनी ताईच्या वतीने पलीकडे चौकशीचं पत्र पाठवलं आहे. त्याला पाच आठवडे लागतील असं म्हणतात. पलीकडच्या बाई तिथे आहेत की त्यांनाही हलवलं, ते कळायला मार्ग नाही. मार्ग मीच होतो.

आता मी ठाण्यामागच्या खोलीत, तुटक्या खुर्च्यांच्या ढिगावर पडलो आहे. ढाल मात्र अजून बाहेरच आहे. मित्रांनो, मला पुसून चकचकीत करा, शाळेच्या प्रदर्शनात मांडा, असलं काही मी मागत नाही. एवढंच मागतो, की उद्या तुमच्यापैकी कोणी साहेब झालं आणि समोर कोणाची ताई येऊन बसली, तर आधी रिसीव्हर उचला. अर्ज मागाहून लिहा, हवा तेवढा सुवाच्य लिहा.

आज सोमवार आहे. भिंतीपलीकडे बाक करकरला, म्हणजे ती आली. दहा वाजले असतील. चौथं वाक्य तयार असेल, आणि ते ऐकायला माझी तार जोडलेली नाही.