बंद घरांची मोजणी

मी लिहायचं पॅड बोलतोय. प्लायवूडचा चौकोनी तुकडा, वर स्टीलची क्लिप, बस्स. मुलं परीक्षेला नेतात तसाच. पण माझ्यावर कुणी कधी परीक्षा दिली नाही. माझ्यावर माणसं लिहिली गेली.

एका सुताराने उरलेल्या लाकडातून मला कापलं आणि ओळखीच्या कारकुनाला दिलं. कारकून भला माणूस, अक्षर मोत्यासारखं. फक्त ऊन म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या. त्या वर्षी त्याच्याकडे वीटभट्टीच्या वस्तीची मोजणी आली. वस्ती उठवून तिथे नवं उपनगर होणार होतं. यादीत नाव असेल त्याला दुसरीकडे खोली मिळणार होती.

आम्ही गेलो ते भर दुपारी. माणसं सगळी मातीच्या खाणीवर कामाला, दारांना कड्या. पहिली चार-पाच दारं त्याने वाजवली, थोडा थांबलाही. मग घाम पुसत सावलीला बसला आणि तिथूनच एकेका दाराकडे बघत लिहीत सुटला. "बंद." "बंद." "बंद." पेनाचं टोक कागदातून मला टोचत होतं.

इतक्यात एक म्हातारी खाणीकडून धापा टाकत आली.

"साहेब, आमचं घर लिहिलंत ना? आम्ही पाच जण आहोत."

"लिहिलं आजी, लिहिलं," असं म्हणून त्याने मला काखोटीला मारलं आणि घरचा रस्ता धरला.

"बंद"वाल्यांना खोल्या मिळाल्या नाहीत. घरं पाडल्यावर त्यांनी खाणीच्या कडेलाच ताडपत्र्या बांधल्या. पावसात ती कड खचली. किती जण गेले ते कुणालाच सांगता येईना, कारण कागदोपत्री तिथे कुणी राहतच नव्हतं. कारकुनाने ती बातमी दोनदा वाचली, मला कपाटावर फेकलं आणि महिन्याभरात नोकरी सोडली. घरात कुणाला कारण सांगितलं नाही.

पंचवीस वर्षं मी धूळ खाल्ली.

तेवढ्या काळात खाण बुजली, वर वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. बाग झाली, शाळा झाली, दवाखाना झाला. घरं सगळी विकली गेली म्हणतात, पण निम्म्यांना कुलूपच. लोकांनी नुसती घेऊन ठेवलेली. संध्याकाळी दहा खिडक्यांत दिवा, तर दहा अंधारात.

कारकुनाची मुलगी आता शिक्षिका आहे. शिरगणतीचं काम तिच्या गळ्यात पडलं, तेव्हा तिने मला खाली काढलं.

"बाबा, हे घेऊ का?"

"नको. नवं घे," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले.

तिने मलाच पिशवीत टाकलं.

तिच्या वाट्याला त्याच उपनगरातली एक इमारत आली होती. तिथला वॉचमन मिश्कील होता. "मॅडम, सातव्यावर फक्त कबुतरं राहतात. त्यांना लिहायचं असेल तर जा."

सातव्यावर चार दारं. कड्यांवर अजून बिल्डरचं प्लास्टिक, आणि धूळ. बाई वडिलांवर गेली नव्हती. तिने पहिलं दार वाजवलं, थांबली, पुन्हा वाजवलं. आतून पावलं आली.

"कोण?"

"मोजणीसाठी आलेय. किती जण राहता?"

"पाच. मुलगा, सून, दोन नाती आणि मी."

तो आवाज मी ओळखला. माझी क्लिप खटकन वाजली. बाईने ती दाबून बसवली.

"लिहिलंत?"

"लिहिलं, आजी."

"वाचून दाखवा."

बाईने वाचलं. दाराखालच्या फटीतून ओल्या मातीचा वास आला. दार काही उघडलं नाही.

कचेरीत साहेबांनी त्या पानावर काट मारली. "अहो बाई, त्या मजल्याचा ताबाच कुणी घेतलेला नाही. वीज नाही, पाणी नाही. कोण राहणार तिथे?"

घरी येऊन तिने हे हसत हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत. पेपर बाजूला ठेवून त्यांनी एकच विचारलं, "पाच म्हणाली?" आणि मग सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते स्वतः मुलीबरोबर आले. लिफ्टमध्ये त्यांनी मला छातीशी धरलं होतं. दारापुढे बराच वेळ उभे राहिले. मग वाजवलं.

"आजी, मी तेव्हा खोटं बोललो. तुमचं लिहिलं नव्हतं."

आतून अगदी जवळून, जणू दाराला कान लावून कुणी उभं असावं तसा आवाज आला.

"माहीत आहे. आता शेजारच्यांचं लिहा."

आणि उरलेली तिन्ही दारं आतून वाजू लागली. हळू, एकामागून एक. वरच्या मजल्यावरूनही तोच आवाज जिन्यातून उतरत आला.

मुलीने वडिलांचा दंड घट्ट धरला. "बाबा, किती घरं बंद लिहिली होतीत तुम्ही?"

"ते मोजलं नाही गं," बाबा म्हणाले आणि पायरीवर बसून पेनाचं टोपण काढलं.

तेव्हापासून बापलेक रोज दुपारी जातात. कचेरी पानं परत पाठवते, दोघं ती पुन्हा मला लावतात. माझी क्लिप आता मिटत नाही. एक कोपरा फुगलाय, ओल लागल्यासारखा. आणि अजून पाच इमारती राहिल्यात.

तुम्हीही तिथे घर घेऊन कुलूप लावून ठेवलं असेल, तर एकदा जा आणि दार वाजवा. आतून कुणी बोललं तर पळू नका, ऐकून घ्या. कागद मात्र तुमचा न्या. माझ्यावर आता जागा उरलेली नाही.