गाद्यांची खोली

रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून योगेश्वरीने एक टाळी वाजवली. नवी फरशी, काचेची मोठी खिडकी, भिंतभर आरसा. आवाज विरायला दीड सेकंद तरी लागला. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. मोजल्याशिवाय तिला राहवत नसे.

"टाळ्या कायले वाजवून राहिली?" तिचा नवरा हेमेंद्र मागून म्हणाला. "पाहुणे तं रविवारी येऊन राहिले."

"घुमतंय इथे. जाड पडदे लावू. खाली गालिचा टाकू."

"एवढ्या महाग टाइल्स आणल्या, त्या झाकाले?" तो हसला. "तुझी प्रयोगशाळा नाही ना ही, मॅडम."

खरं कारण तिला सांगता येत नव्हतं.

गोंदियात रेल्वेच्या साहेबांसाठी बांधलेल्या, शंभरी गाठलेल्या इमारतीतलं हे वरच्या मजल्याचं घर. समोरच्या खोलीला, म्हणजे आताच्या या हॉलला, पूर्वी लाकडी छत होतं, भिंती चुन्याच्या, खरबरीत, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गाद्या. तिथे आवाज घुमतच नसे. तिचे सासरे, धनलाल, तीस वर्षं राइस मिलच्या यंत्रांशेजारी उभे राहिले होते. दर रविवारी मिलमधले सोबती त्या गाद्यांवर येऊन बसत, आणि त्या एका खोलीत धनलालना सगळ्यांचं बोलणं कळे. बाकी घरात, बाजारात ते लोकांचे ओठ बघून काम भागवत. तिने हे ओळखलं, त्या दिवशी त्यांनी, थांब म्हणावं तसा, मांडीवरचा हात जरासा उचलला होता.

"हेमेंद्रले सांगू नको, बाई. लोक बहिरा म्हणतीन."

तिने शब्द दिला होता. छत उतरवायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं होतं, "मामाजी, आता तरी सांगू का?"

"छताचा अन् कानाचा काय संबंध? पोराची हौस हाये, होऊ दे."

छत उतरलं. गाद्या मागच्या खोलीत गेल्या.

रविवारी पंधरा-वीस माणसं आली. सगळे एकदमच हॉलचं कौतुक करत होते आणि आवाजावर आवाज चढत होता. सोफ्यावर धनलाल ताठ बसले होते, जो बोलेल त्याच्याकडे बघून हसत होते. त्यांच्या शेजारी केवलराम. मिलमध्ये दोघांची पाळी कायम एकच असायची.

केवलरामने मान खाली घातली आणि कपात बघत म्हटलं, "तुझ्या वहिनीचा रिपोर्ट आला, धनू. नागपूरचा डॉक्टर म्हणते, आता ऑपरेशनचा काही फायदा नाही."

"बढिया!" धनलाल म्हणाले. "मी म्हटलंच होतं तुले."

केवलराम त्यांच्याकडे बघत राहिला. जवळचे दोघेतिघे बोलायचे थांबले. योगेश्वरी ट्रे घेऊन समोरच उभी होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात धनलालनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बिघडलं हे त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. मांडीवरचा हात जरासा उचलला गेला.

तिने ट्रे पुढच्या पाहुण्यासमोर धरला. केवलरामने भरलेला कप टेबलावर ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून गेला.

पाहुण्यांना पोचवायला हेमेंद्र खाली गेला तेव्हा धनलाल तिच्याजवळ आले.

"केवल काऊन निघून गेला? चहाही नाही पिला."

तिने हळू सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळलं नाही म्हणून. ती मोठ्याने बोलली, तर शब्द खिडकीवरून, आरशावरून फुटून परत आले. जिन्यावर हेमेंद्रची पावलं वाजत होती.

तिने सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथे गाद्या छतापर्यंत रचलेल्या होत्या, मधे दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. तिने दार ओढून घेतलं.

"मामाजी," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

धनलालचा चेहरा उजळला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

"हां," ते म्हणाले. "आता कसं साफ ऐकू येऊन राहिलं. बोल, बाई, काय म्हणे केवल?"