मास्तर चुकले ती मोजणी

मित्रांनो, सास्तूरच्या मठात ओसरीच्या खुंटीला गंजकी साखळी लटकते ना, तीच मी. बैल बांधायची साखळी समजू नका, मला राग येतो. मी जमीन मोजणारी साखळी आहे. तेहतीस फूट लांब, दोन्ही टोकांना पितळी मुठी. सोलापुरातल्या एका भट्टीत माझ्या कड्या जोडल्या गेल्या आणि तिथूनच गुरुसिद्धप्पांनी मला पदरचे पैसे घालून आणलं.

गुरुसिद्धप्पा निजामाच्या राज्यात मोजणीदार होते. शुक्रवारी कचेरीला सुट्टी असायची. त्या दिवशी ते मठाच्या ओसरीत पोरांना गणित आणि मोजणी शिकवायचे, म्हणून सगळा मुलूख त्यांना मास्तर म्हणायचा. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, बोलणं मोजकं. बांधावरून डोकी फुटायची वेळ आली की लोक म्हणायचे, "मास्तरांना बोलवा, ते सांगतील ते कबूल." मी त्यांच्या गड्याच्या खांद्यावरून जायचे. खोटं कशाला सांगू, मला लई मिजास चढली होती.

माझी एक खोड होती. ओढून ओढून माझ्या कड्या उघडायच्या आणि मी लांबायचे. मास्तरांनी मठाच्या अंगणात, फरशीमध्ये बरोबर तेहतीस फुटांवर दोन खिळे ठोकून घेतले होते. रोज सकाळी मला त्या खिळ्यांवर ताणून बघायचं आणि मगच शेताकडं निघायचं, हा त्यांचा नेम होता. लांबलेली दिसले की माझी रवानगी लोहाराकडं.

निजामाच्या कचेरीतलं फसली सन तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चव्वेचाळीस, त्याच्या उन्हाळ्यात माकणीच्या शिवारात दोन दिवसांचं काम निघालं. पहिल्या दिवशी मी बाभळीच्या कुंपणात अडकले. गड्यांनी हिसके मारमारून मला सोडवलं. मुक्काम माकणीतच होता, तिथं खिळे कुठले? दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या अंगात ताप होता. "कालच बघितलीय साखळी," ते म्हणाले आणि मला तशीच शेतात नेलं. माझ्या कड्या उघडल्यात हे मला ठाऊक होतं. पण लोखंडाला तोंड कुठून असणार!

त्या शेतात वाद होता हिंमतरावांचा आणि नीलम्माचा. हिंमतराव मोठे जमीनदार. नीलम्मा एकटी, नवरा वारलेली. कागदात लिहिलं होतं की ओढ्याकाठच्या दगडापासून चाळीस साखळ्या रान हिंमतरावांचं आणि त्यापुढचं नीलम्माचं. मी दर साखळीला हिंमतरावांना अर्धा फूट जास्त देत गेले. चाळीस साखळ्यांत वीस फूट झाले. नीलम्माची विहीर हद्दीला लागूनच होती. ती अख्खी हिंमतरावांच्या बाजूला गेली.

"ही विहीर माझ्या मालकांनी खोदलीय, मास्तर," नीलम्मा म्हणाली. "आणखी एकदा बघा."

"अक्का, साखळी सांगते ते खरं," मास्तर म्हणाले.

माझं नाव घेऊन म्हणाले ते. आजही आठवलं की मला लाज वाटते. दुसऱ्याच दिवशी हिंमतरावांनी तिथं आपली मोट लावली. नीलम्मा ओढ्यातल्या झऱ्याचं पाणी घागरीनं आणून मिरचीचे वाफे जगवू लागली.

मास्तर तापानं पंधरा दिवस अंथरुणात होते. उठले त्या शुक्रवारी पोरं जमली. मल्लिनाथ नावाच्या हुशार पोरानं मला खिळ्यांवर ताणलं. मी खिळ्याच्या पुढं अर्धा फूट गेले. पोरं हसली. मास्तर मात्र खाली फरशीवरच बसले.

"काय झालं, मास्तर?" मल्लिनाथनं विचारलं.

"माझी मोजणी चुकली रे," ते म्हणाले.

लोहाराकडून मला नीट करून घेतलं आणि त्याच अशक्त अंगानं ते माकणीला चालत गेले. आधी हिंमतरावांच्या बैठकीत.

"आता ते कागदावर चढलंय, मास्तर," हिंमतराव म्हणाले. "तुम्ही गप बसा. कुणाला काय कळतंय? उगाच नोकरीवर गदा येईल."

"येऊ द्या," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी बांधावर या."

सकाळी गाव गोळा झालं. मास्तरांनी पुन्हा चाळीस साखळ्या टाकल्या, विहिरीपलीकडं ठोकलेला हद्दीचा दगड स्वतः उपटला आणि वीस फूट मागं, खऱ्या जागेवर बसवला. मग सगळ्यांसमोर नीलम्मापुढं हात जोडले. कचेरीला अर्ज लिहिला, त्यातही माझ्या कड्यांना दोष दिला नाही. लिहिलं, "साखळी न तपासता मोजणी केली, कसूर माझी." मी त्यांच्यावर चिडले होते. सगळी चूक माझ्यावर ढकलता आली असती की! महिन्याभरात त्यांची मोजणीदारी गेली.

त्यानंतर तीन वर्षं ते रोज ओसरीत पोरांना शिकवत राहिले. या थंडीत ते गेले. मठामागं त्यांना समाधी दिली. त्यांच्यासोबत मलाही मातीत ठेवा, असं मला फार वाटत होतं. पण मला कोण विचारतो?

परवा मठात त्यांच्या आठवणीसाठी गाव बसलं होतं. आता ओसरीत शिकवतो तो मल्लिनाथच. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तरांची मोजणी जन्मात कधी चुकली नाही." त्यानं स्वतः मला ताणलं होतं, तरी असं म्हणाला. गेलेल्या माणसाला कमीपणा नको, म्हणून असेल.

बायकांमधून नीलम्मा उठली.

"चुकली होती की," ती म्हणाली. "माझी विहीर दुसऱ्याला दिली होती त्यांनी. आणि चुकलो म्हणून सांगायला आपल्या पायानं आले. असा दुसरा माणूस म्या बघितला न्हाय. ते झाकू नका, बाबा."

मल्लिनाथनं मान खाली घातली. मग मागच्या खांबापाशी हिंमतराव उठले. विहीर परत गेल्यापासून त्यांनी मठाची पायरी चढली नव्हती.

"खरं बोलते बाई," ते म्हणाले. "त्यांना गप बसा म्हणणारा मीच होतो."

मित्रांनो, मला तेल लावा, गंजू देऊ नका, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं आहे. मास्तरांची गोष्ट पुढच्या पोरांना सांगाल, तेव्हा माकणीची ही मोजणी गाळू नका.