अंगठी निघत नाही

"हात वर धर म्हणते ना, खाली का घेतेस?"

"आधी ओरडायचं थांब. बोट माझं सुजलंय, तुझं नाही," आई म्हणाली.

साबण झाला, तेल झालं, नळाची धार झाली. अंगठी पेराच्या मागे ठाण मांडून बसली होती आणि बोट जांभळं पडायला लागलं होतं. ओल्या अंगठ्यानेच लेकीने मोबाइलवर सर्च केलं, 'अंगठी बोटातून निघत नाही'. पहिलंच पान उघडलं.

'अंगठी म्हणजे दोन मनांना जोडणारं सोनेरी वर्तुळ.'

ती पान सरकवत गेली. प्रेमाचा इतिहास आला, सोन्याची शुद्धता आली, नव्या नक्षीचे फोटो आले. अंगठी काढायची कशी, तेवढं काही येईना.

"कोण भवानी लिहिते हे असलं? इथे बोट चाललंय आणि हिला वर्तुळं सुचतायत," ती करवादली. आणि तिचा अंगठा पानावरच थांबला. वर्तुळ तिचंच होतं.

"काय गं, वाचता येईना?"

"येतंय. मीच लिहिलंय."

"मग सांग की, काढायची कशी."

ते तिलाही ठाऊक नव्हतं. दागिन्यांच्या एका दुकानाच्या वेबसाइटसाठी ती लिहायची. दुकानात सगळे तिला मजकूरबाई म्हणत. हे पान सर्चमध्ये पहिलं आलं, तेव्हा मालकांनी दुकानभर चहा पाजला होता. लोक पान उघडायचे आणि लगेच पळ काढायचे, त्याचं तिला काही वाटत नसे. लोकांना वाचायची सवयच राहिली नाही, असं ती ठसक्यात सांगायची. ती माणसं अशीच नळाखाली हात धरून उभी असतील, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

शेवटी दवाखाना गाठला. कंपाउंडरने दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून ओवलं, उरलेला दोरा अंगठीच्या पुढे पेराच्या पलीकडपर्यंत घट्ट गुंडाळला आणि ओवलेलं टोक धरून तो उलगडत गेला. अंगठी दोऱ्यामागून मुकाट बाहेर आली. आई घरी येईपर्यंत मुद्दाम लेकीच्या लेखणीचं कौतुक करत होती. ते कौतुक तिला चांगलंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पान पुसलं. नवं पान हातभरही नव्हतं. 'बोट निळं पडलं असेल किंवा बधिर झालं असेल, तर वाचत बसू नका, दवाखान्यात जा. नसेल, तर हात वर धरा. घरातला दोरा घ्या.' मग दोऱ्याची कृती, दोन साधी चित्रं. अगदी तळाशी एक ओळ, अंगठी घट्ट होत असेल तर मोठी करून मिळेल.

मालक भडकले. गिऱ्हाइकाला दवाखान्याचा रस्ता दाखवायचा पगार मिळतो का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. प्रेम कुठे गेलं, नक्षी कुठे गेली?

"ज्याचं बोट अडकलंय, त्याला नक्षी नको असते, मालक. त्याला बोट हवं असतं. आपण त्याला दारात उभं करून कीर्तन ऐकवतोय."

"आणि पान खाली घसरलं तर?"

"तर मी घरी बसते. पण ते वर्तुळ मी परत लिहिणार नाही."

मालकांनी ऐकून घेतलं. महिनाअखेरपर्यंत बघू, मग तुमचा हिशेब करू, असं म्हणून ते उठले. त्यानंतर तिला सकाळी पान उघडून बघायचीही भीती वाटायची. पण पान घसरलं नाही. आलेला माणूस आता तळापर्यंत थांबत होता. मग दुकानात माणसं यायला लागली. अंगठ्या बोटात नाही, हातात घेऊन. सोनाराच्या टेबलावर त्यांची रांग लागली. मालक हिशेबाबद्दल चकार शब्द काढेनात, उलट कानातलं अडकलं तर काय करायचं तेही लिहा म्हणाले.

एका दुपारी एक थोराड ट्रकचालक आला. पान कोणी लिहिलं, त्याने विचारलं. ती जागची हलली नाही. मालकांनीच तिच्याकडे बोट केलं.

"या मजकूरबाईंनी. माझ्याशी भांडून लिहिलंय."

त्याने आभार वगैरे मानले नाहीत. कागदात गुंडाळलेली अंगठी काचेवर ठेवली, अखंड, कुठे चरा नाही.

"सगळे कापायलाच सांगत होते," तो म्हणाला. "बायकोनं घातलेली. ती आता नाही."

अंगठी किती मोठी करायची, ते मापायला सोनाराने त्याचा हात पुढे ओढला. उन्हाने रापलेल्या त्या बोटावर एक पांढरी, खोल रेघ होती. माप होईपर्यंत त्याने दुसऱ्या हाताचं बोट त्या रेघेवर ठेवलं होतं.