डावीकडचा उबेद

पंचेचाळीस वर्षं जहांआरा ती जॅझची तबकडी एकाच बाजूने ऐकत आली होती. तीत दोन टेनर सॅक्सोफोन एकमेकांशी झुंजत. डाव्या स्पीकरमध्ये एक, उजव्यात दुसरा. एक तिचा नवरा उबेद, दुसरा पोलादपूरचा सोमा. कव्हरवरच्या फोटोत उबेद डावीकडे होता, म्हणून ती डाव्या स्पीकरला कान लावून बसायची. सासऱ्यांनी महाडच्या घरात हा बाजा कधी वाजू दिला नाही. नवऱ्याचा सूर तिला ठाऊक होता तो एवढाच.

तबकडीच्या शेवटी उजवीकडच्याचा दम तुटतो, डावीकडचा एकटाच पुढे जातो. माझा माणूस जिंकला, असं ती सगळ्यांना सांगे. तबकडी निघाल्यावर वर्षभरात उबेद छातीच्या दुखण्याने गेला. सोमा मातीला आला नाही. तिने त्याचं नाव टाकलं.

आता मुंबईची एक कंपनी तबकडी पुन्हा काढणार होती. कुठली बाजू कुणाची, हे त्यांना सोमाच्या सहीनिशी हवं होतं. नात अफरीनला घेऊन ती पोलादपूरला गेली.

दारातच सोमाची बायको राहीबाई म्हणाली, "वाट सापडली काय गो एकदाची?"

"तुझ्या नवऱ्याला तरी कुठे सापडली होती?"

सोमा खाटेवर पडून होता. अफरीनने कागद वाचला, "डावीकडे उबेद."

"डावीकडं मी हाय, भाभी."

"फोटोत तर..."

"फोटो आठ दिवसांनी काढला, तवा उभं ऱ्हायलो कसंबी. दम तुटला तो उबेदचा. रुमालात रक्त पडत व्हतं. थांबू म्हणाला. मी म्हटलं, घाबरलास काय रे? तवा त्यानं बाजा उचलला." सोमा धापा टाकत थांबला. "मातीला कुठल्या तोंडानं येणार व्हतो?"

मुंबईहून येताना उबेद स्वतःचे रुमाल धुऊन आणायचा. किती टापटिपीचा माणूस, असं तिला वाटायचं.

"हाय तसंच ऱ्हाऊ दे, पोरी," सोमा म्हणाला. "जिंकू दे त्याला. मला आता काय करायचंय?"

अफरीन पेन धरून आजीकडे बघत राहिली. जहांआराच्या ओठांवर हो आलं होतं. ते तिने गिळलं.

"उजवीकडे उबेद लिही."

"दम तुटला, तेही लिहू, दादी?"

"नको. ऐकणाऱ्याला कळतं."

अफरीनने तबकडी उतरवून घेतलेला मोबाइल हळूच काढला. "आत्ता लावू? उजवी बाजू?"

"नको," जहांआरा म्हणाली. "आधी सही घे त्याची."