मजला न लिहिलेलं पत्र

खुब्याचं हाड मोडून चार महिने झाले, ते जुळलंही, तरी तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमन खाटेवरून दारापर्यंत आणि दारापासून खाटेपर्यंत एवढाच फेरा घालत होते. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी हात टेकले होते. "आजोबा, पाय बरा आहे. तुम्हीच मनावर घेत नाही," त्या म्हणत. आजोबा मान डोलावत आणि बाईंची पाठ वळली की आडवे होत. उभा जन्म लोकांचे जिने झिजवले, आता कशासाठी चढायचं, असा त्यांचा सवाल होता.

खरं दुखणं वेगळंच होतं. थोरला भाऊ तिसऱ्या मजल्यावर राहायचा. त्याचं हृदय नाजूक म्हणून त्याला जिना बंद; यांचा पाय हा असा. इमारतीला लिफ्ट नव्हती. रोज संध्याकाळी पत्ते कुटणारे दोघे भाऊ चार महिन्यांत एकमेकांच्या नजरेला पडले नव्हते. फोन होता, पण दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे बोलणं म्हणजे नुसती आरडाओरड.

एका सकाळी नव्या पोस्टमनने दारात पाकीट दिलं. आडनाव यांचंच, नाव मात्र थोरल्याचं. इमारत बरोबर होती, मजला लिहिलाच नव्हता. आजोबांनी पाकीट डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं.

"बाबा, द्या इकडे. मी वर देऊन येते," सून म्हणाली.

"हात लावू नकोस. टपाल आहे ते. चुकून माझ्याकडे आलं, आता पोचवायचं मीच."

पाकीट सदऱ्याच्या खिशात गेलं. त्याच दुपारी, बाईंनी सांगण्याआधी, आजोबा जिन्याशी उभे राहिले. पहिल्या दिवशी सहा पायऱ्या. दुसऱ्या दिवशी चारच, कारण पाय सुजला होता, आणि त्या चार पायऱ्यांत त्यांनी जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी नऊ. बाई चाट पडल्या.

"औषध बदललं का, आजोबा?"

"ड्यूटी लागलीय," ते म्हणाले.

एकूण पायऱ्या चोपन्न. दिवसागणिक वरची एखादी पायरी हाताशी येत गेली आणि खिशातल्या पाकिटाचे कोपरे मऊ पडत गेले.

एकोणिसाव्या दिवशी ते थेट वर निघाले. मागून सून स्टूल घेऊन. दुसऱ्या मजल्यावर पाय लटपटायला लागला तसे ते मुकाट्याने स्टुलावर बसले.

"बाबा, काकांना कठड्याशी बोलावते. इथून दाखवा पत्र, वर नेऊन मी देते."

"पत्र दाखवायचं नसतं, द्यायचं असतं," म्हणून ते दम खाऊन उठले.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी जुन्या सवयीने दोनदा बेल दाबली आणि ओरडले, "पोस्टमन!"

दार उघडलं. थोरला वाळला होता, दाढी वाढली होती. आजोबांनी आधी पाकीट पुढे केलं.

"एकोणीस दिवस? खात्याची अब्रू घालवलीस," थोरला म्हणाला. त्याने पाकीट फोडलं. आत कोरा कागद होता. "माझं अक्षरसुद्धा ओळखलं नाहीस होय रे?"

"हातात आलं तेव्हाच ओळखलं."

"मग?"

"मग काय, दादा? पत्ता तुझा होता."

थोरल्याने कागद नीट घडी करून ठेवला आणि पत्ते काढायला आत गेला.