साडूच्या नळीतली लाली

सासूबाई कुणाशीही ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे धाकटे जावई, सोन्यातून उजेड काढतात. आणि हे थोरले. तेही तिथेच असतात."

त्या "तेही"ने थोरल्याच्या तोंडची चव जाई.

दोघे साडू एकाच प्रयोगशाळेत होते. धाकट्याने प्रथिनाच्या वेटोळ्यात सोन्याच्या मोजक्याच अणूंचे पुंजके बसवले होते. तो तपकिरी द्रव यूव्ही दिव्याखाली लालभडक उजळे आणि पाण्यात पारा असला की विझे. पाणी तपासायला ही पद्धत घ्यायची का, ते पाणीखात्याचे साहेब आज ठरवणार होते. थोरल्यानेही पुंजके करून पाहिले होते. ते असे मिणमिणत की बघणाऱ्याने दिवा बिघडला का म्हणून विचारावं.

पण धाकट्याच्या नजरेतून सुटलेली एक गोष्ट थोरल्याला सापडली होती. ती त्याने कुणाला न सांगता जिभेखाली गोळीसारखी चघळत ठेवली होती.

बैठकीत तो उठला.

"आणि पाण्यात तांबं असलं तर?"

धाकट्याने तिथेच दिव्याखालच्या नळीत तांब्याचा क्षार टाकून पाहिला. लाली विझली.

"म्हणजे ज्यांच्या घरी तांब्याचे पाइप, त्यांना तुम्ही पारा प्यायलात म्हणून सांगायचं?" साहेब खुर्ची सरकवत म्हणाले. "छान!"

थोरल्याला आत गार गार वाटलं. सासूबाई इथे हव्या होत्या.

"संपलं सगळं," धाकटा पुटपुटला. "टाकून द्यायचं आता."

"अहो, टाकून काय देताय?" थोरल्याच्या तोंडून निघूनच गेलं. "ईडीटीए घाला की! ते तांब्याला ओढून घेतं. उजेड परत आला तर तांबं, नाही आला तर पारा."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

धाकट्याने थेंब सोडले. लाली हळूहळू परत आली.

"साडूभाऊ, वाचवलंत!"

"वा! मग आता तांबंही ओळखतंय तुमचं काम," साहेब धाकट्याचा हात दाबत म्हणाले. "घेतलं आम्ही."

सगळे नळीभोवती वाकले. इतकी सुंदर लाली थोरल्याला कधी साधली नव्हती. त्याने हात लांबवून दिवा बंद केला.

"दिव्याखाली फार वेळ ठेवू नये," तो म्हणाला. "उजेड मंदावतो."